मधल्या फळीतून दिसणारा ग्रीस

ग्रीक फुटबॉलच्या अभ्यासात शिरायला वाटा पुष्कळ आहेत. कुणी पानाथिनाइकोस आणि ऑलिंपियाकोस यांच्या वैरापासून सुरुवात करतो, कुणी २००४च्या युरो करंडकापासून. नव्या वाचकाला मी मात्र एका माणसाचे बोट धरून आत नेऊ इच्छितो. योर्गोस कारागूनिस. मधल्या फळीतला खेळाडू, ग्रीसकडून १३९ सामने, गोल अवघे दहा. आकड्यांच्या तक्त्यात या माणसापाशी कुणी थांबणार नाही. तरीही १९९६ ते २०१४ या काळात ग्रीक फुटबॉलमध्ये आणि ग्रीस या देशात जे घडले, त्यातले बरेचसे या एका कारकिर्दीला धरून समजून घेता येते, असे माझे ठाम मत आहे.

मधल्या फळीचा खेळाडू निवडण्यामागे अभ्यासाचे कारण आहे. आघाडीच्या खेळाडूचे चरित्र त्याच्या गोलांवरून लिहिता येते, गोलरक्षकाचे त्याने अडवलेल्या फटक्यांवरून. मधल्या फळीतल्या माणसाचे काम मात्र दुसऱ्यांच्या कामात मुरलेले असते. चेंडू कुणाकडून घेतला, कुणाला दिला, कोणती जागा अडवून धरली आणि तो नसताना ती जागा कशी उघडी पडली, हे सगळे पाहिल्याखेरीज त्याच्याविषयी एक वाक्यही खात्रीने लिहिता येत नाही. म्हणून त्याचा अभ्यास करू गेले की आपोआप संघाचा होतो, संघाचा करू गेले की क्लबाचा, आणि ग्रीसमध्ये क्लबाचा अभ्यास थेट देशाच्या इतिहासात जाऊन पोहोचतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा कारागूनिसचा कर्णधार थेओदोरोस झागोराकिस. २००४च्या युरो स्पर्धेत तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि त्या वर्षीच्या बॅलन डी'ऑरच्या मतदानात पाचवा आला. त्या स्पर्धेपर्यंत झागोराकिसने देशासाठी एकही गोल केलेला नव्हता. मग परीक्षकांनी काय पाहिले? लिस्बनमधल्या उपांत्यपूर्व सामन्यातले पासष्टावे मिनिट पाहा. समोर फ्रान्सचा संघ, तेव्हाचा युरोपविजेता. उजव्या कडेला झागोराकिस फ्रेंच बचावपटू लिझाराझूसमोर उभा आहे. तो चेंडू अलगद त्याच्या डोक्यावरून उचलतो, स्वतः वळसा घालून पलीकडे पोहोचतो आणि मान वर करून क्रॉस टाकतो. ग्रीसच्या आघाडीतल्या खारिस्तेआसचे डोके, गोल. धावफलकावर नाव खारिस्तेआसचे लागले, आणि ते रास्तच आहे. पण त्या गोलाचा अभ्यास उजव्या कडेवरच्या त्या दोन पावलांपासून सुरू करावा लागतो.

कारागूनिसचा जन्म ६ मार्च १९७७चा, पेलोपोनीजच्या पश्चिम भागातल्या पिर्गोस या गावचा. पिर्गोसपासून प्राचीन ऑलिंपिया जवळ आहे, आणि नव्या अभ्यासकाचा पाय पहिल्यांदा घसरतो तो इथे. ग्रीक खेळाडू म्हटला की लेखणी लगेच ऑलिंपिया, स्पार्टा, अकिलीस यांच्याकडे धावते. २००४ साली युरोपातल्या वृत्तपत्रांनी हेच केले. प्रशिक्षक ओटो रेहागेल यांचे हेराक्लीसच्या नावाशी जुळणारे टोपणनावही तेव्हा सगळीकडे गाजले. मथळ्यापुरते ते छान आहे, पण त्यातून फुटबॉल कळत नाही. ग्रीक फुटबॉलची मुळे विसाव्या शतकात आहेत, बंदरांत, निर्वासितांच्या वस्त्यांत आणि शहरांतल्या मोकळ्या जागांवर.

कारागूनिस पानाथिनाइकोसच्या युवा संघातून घडला, पण १९९६ ते १९९८ ही दोन वर्षे त्याला अपोलोन स्मिर्निस या लहानशा क्लबाला उसने देण्यात आले. चरित्रलेखक ही दोन वर्षे एका ओळीत उरकतात. मी वाचकाला इथे मुद्दाम थांबवतो आहे, कारण त्या क्लबाच्या नावातच एक हरवलेले शहर आहे. स्मिर्ना म्हणजे आजचे तुर्कस्तानातले इझमिर. तिथल्या ग्रीक समाजाने १८९१ मध्ये हा क्लब स्थापला. १९२२च्या युद्धात ग्रीक सैन्याचा पराभव झाला, शहर जळाले, आणि पाठोपाठ १९२३च्या लोझानच्या कराराने ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल ठरली. बारा लाखांच्या आसपास माणसे आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये आली. त्यांच्याबरोबर अपोलोन आला, पानिओनिओसही आला. अथेन्समध्ये १९२४ साली कॉन्स्टँटिनोपलच्या निर्वासितांनी एईके उभा केला, थेसालोनिकीत १९२६ साली पाओक. या दोन्ही क्लबांच्या बोधचिन्हावर आजही बायझंटाइन दुतोंडी गरुड आहे. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्यांच्या वसाहती ज्यांनी उल्हासनगरात पाहिल्या आहेत, त्यांना गावाचे नाव उराशी धरून नव्या जागी संस्था उभारण्यामागची ओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. विशीतला कारागूनिस रिझूपोलीच्या मैदानावर ज्या क्लबाचा शर्ट घालून दर आठवड्याला पूर्ण सामने खेळायला शिकला, त्या क्लबामागे हे सारे होते.

पानाथिनाइकोसची कुळकथा निराळी आहे. १९०८ साली अथेन्समध्ये स्थापलेला हा क्लब राजधानीतल्या जुन्या रहिवाशांचा मानला गेला. १९२५ साली पिरेअस बंदरात उभा राहिलेला ऑलिंपियाकोस गोदीतल्या कामगारांचा. आज ही विभागणी कितपत खरी उरली आहे, यावर वाद घालता येतो आणि घालावा. पण मधल्या फळीच्या अभ्यासकासाठी पानाथिनाइकोसचे महत्त्व मिमिस दोमाझोस या एका माणसामुळे आहे. अंगाने लहान, आणि लोकांनी त्याला ‘सेनापती’ म्हटले. १९७१ मध्ये फेरेंक पुश्काश यांच्या मार्गदर्शनाखाली हा क्लब युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, तेव्हा तो कर्णधार होता. उपांत्य फेरीत बेलग्रेडला रेड स्टारकडून १-४ असा मार खाऊन त्यांनी अथेन्समध्ये ३-० ने परतफेड केली आणि परक्या मैदानावरच्या एका गोलाच्या जोरावर वेंब्ली गाठले. तिथे आयाक्सने त्यांना २-० ने हरवले. अन्य कोणताही ग्रीक क्लब त्या सामन्यापर्यंत पोहोचलेला नाही. त्या वर्षी ग्रीसमध्ये लष्करी राजवट होती. लोकांचा आनंद खरा होता आणि राजवटीला तो हवाहवासा वाटत होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करण्याची तयारी नसेल, तर या विषयात हात घालू नये. दोमाझोसची पत्नी विकी मोस्खोलिऊ ही लोकप्रिय गायिका होती. त्या काळच्या अथेन्सची मैदाने आणि गाण्याच्या मैफिली एकमेकांपासून किती जवळ होत्या, हे त्या एका संसारावरूनही लक्षात येते.

दोमाझोसच्या पिढीतल्या आणखी दोन जणांची ओळख इथे करून देतो, कारण कारागूनिसला जे स्वातंत्र्य मिळाले ते त्यांना मिळाले नव्हते. पाओकचा योर्गोस कूदास १९६६ साली ऑलिंपियाकोसकडे गेला, पण पाओकने त्याला सोडायला नकार दिला. तेव्हा खेळाडूवर क्लबाचा हक्क इतका पक्का होता की ऐन उमेदीची सुमारे दोन वर्षे त्याने लीगचा एकही सामना न खेळता काढली आणि अखेर पाओककडे परतला. उत्तर आणि दक्षिण ग्रीसमधल्या वैराला त्या प्रकरणाने जे खतपाणी घातले, त्याचे पीक अजून निघते आहे. दुसरा वासिलिस हात्झिपानागिस. यादवी युद्धानंतर देश सोडावा लागलेल्या ग्रीक कुटुंबात, १९५४ साली, दूर ताश्कंदमध्ये जन्मलेला. १९७५ मध्ये तो थेसालोनिकीच्या इराक्लिस क्लबात आला. चेंडूवर त्याच्यासारखा हात, म्हणजे पाय, ग्रीसने पाहिलेला नाही, असे सांगणारे जुने प्रेक्षक पुष्कळ भेटतात. पण सोव्हिएत संघाच्या ऑलिंपिक संघातून तो आधी खेळला होता. म्हणून १९७६ मध्ये पोलंडविरुद्ध एक मैत्रीपूर्ण सामना खेळल्यावर ग्रीसच्या संघाचे दार त्याला बंद झाले. २००३ मध्ये युरोपीय महासंघाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ग्रीसने आपला गेल्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले ते त्यालाच. १३९ सामने खेळलेल्याचा अभ्यास करताना एका सामन्यावर थांबवलेल्याची फाइल शेजारी उघडी असावी, असा माझा आग्रह आहे.

ग्रीसमध्ये व्यावसायिक फुटबॉल अधिकृतपणे १९७९ मध्ये आले, आणि १९९५च्या बॉसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूला युरोपभर मोकळीक दिली. कारागूनिस या बदललेल्या बाजाराचे अपत्य आहे. १९९८ ते २००३ पानाथिनाइकोस, मग मिलानमधले इंटर, २००५ पासून लिस्बनचे बेनफिका, २००७ मध्ये पुन्हा पानाथिनाइकोस, २०१२ ते २०१४ लंडनचे फुलहॅम. इंटरमध्ये तो बहुधा बाकावरच राहिला आणि फुलहॅमची दोन वर्षे कारकिर्दीच्या उतारावरची. पानाथिनाइकोसच्या दुसऱ्या मुक्कामात २०१० साली लीग आणि करंडक असे दुहेरी यश आले. २०१२ मध्ये तो निघाला तेव्हा क्लब कर्जात रुतला होता आणि देशही. क्लबांच्या या यादीवर वाचकाने फार वेळ घालवू नये. कारागूनिसचे खरे दस्तऐवज राष्ट्रीय संघाच्या सामन्यांत आहेत.

त्यासाठी रेहागेल यांच्या आगमनापासून सुरुवात करावी. १९९४च्या विश्वचषकात ग्रीस तीन सामने हरला होता, दहा गोल खाऊन आणि एकही न करता. २००१ मध्ये हे जर्मन प्रशिक्षक आले आणि त्यांचा पहिलाच सामना हेलसिंकीत फिनलंडने ५-१ असा जिंकला. २००४च्या पात्रता फेरीतही पहिले दोन सामने पराभवाचेच. त्यानंतर ग्रीसने ओळीने सहा सामने जिंकले, त्या सहांत एकही गोल खाल्ला नाही, आणि स्पेनला मागे टाकून गटात पहिले स्थान मिळवले. पोर्तुगालमध्ये बाद फेरीचे तिन्ही सामने १-० असे जिंकले, तिन्ही गोल डोक्याने झालेले. हा संघ कंटाळवाणा खेळला, असे तेव्हा म्हटले गेले आणि अजून म्हटले जाते. मला ते पटत नाही. प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे माणूस लावणे, मागे देल्लासला मोकळा ठेवणे, मधल्या फळीत झागोराकिस, बासिनास, कात्सुरानिस यांनी अंतरे न तुटू देणे, ही नव्वद नव्वद मिनिटे टिकवलेली एकाग्रता होती. ती पाहायला पूर्ण सामना पाहावा लागतो. दोन मिनिटांच्या चित्रफितीत ती उरतच नाही.

त्या स्पर्धेतला ग्रीसचा पहिला गोल कारागूनिसचा आहे. १२ जून २००४, पोर्तो, यजमान पोर्तुगालविरुद्ध सलामीचा सामना. सातव्या मिनिटाला पाउलो फेरेराचा एक पास सैल सुटला. कारागूनिसने तो उचलला, काही पावले पुढे गेला, आणि बचावपटू अंगावर येण्याआधीच लांबून जमिनीलगत फटका मारला. गोलरक्षक रिकार्डो झेपावला, पोहोचला नाही. ग्रीसने तो सामना २-१ ने जिंकला. मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत ग्रीसचा तो पहिलावहिला विजय.

यानंतर २०१२ चा वॉर्सातला सामना शेजारी ठेवावा. युरो स्पर्धेत ग्रीसकडे दोन सामन्यांत फक्त एक गुण होता. याच मैदानावर आठ दिवसांपूर्वी पोलंडविरुद्ध कारागूनिसची पेनल्टी वाया गेली होती. मैदानात नुकत्याच उतरलेल्या बदली गोलरक्षकाने ती अडवली. आता, १६ जूनला, रशियाला बरोबरीही पुरणार होती. मध्यंतराच्या अगदी तोंडावर ग्रीसचा एक थ्रो-इन आला, रशियाच्या इग्नाशेविचच्या डोक्याला लागून चेंडू भलतीकडे, त्याच्याच गोलाच्या दिशेने गेला, आणि उजवीकडून धावत आलेल्या पस्तिशीच्या कारागूनिसने तो गोलरक्षकाच्या अंगाखालून आत घातला. १-०. तेवढ्यावर ग्रीस उपांत्यपूर्व फेरीत गेला.

हे दोन्ही गोल ओळीने पाहिले की त्याच्या खेळाचे मर्म हाती लागते. दोन्ही वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या चुकीतून सुटला आहे आणि दोन्ही वेळा कारागूनिस तिथे आधीच निघालेला आहे. प्रतिस्पर्ध्याची चूक हा नशिबाचा भाग म्हणून सोडून देता येईल. पण आठ वर्षांच्या अंतराने, दोन निर्णायक सामन्यांत, सुटलेल्या चेंडूपाशी पहिला पोहोचणारा तोच असेल, तर अभ्यासकाने त्याच्या उभे राहण्याच्या जागांचा नकाशा काढायला घ्यावा. मधल्या फळीचे कौशल्य बरेचसे या आधी निघण्यात असते आणि कोणत्याही आकडेवारीत ते धड पकडले जात नाही.

आता त्याच्या गैरहजेरीकडे. २००४ मध्ये स्पर्धेतला ग्रीसचा पहिला गोल करणारा हा माणूस अंतिम सामना खेळला नाही. पिवळ्या कार्डांनी त्याला बाहेर ठेवले. ४ जुलैला लिस्बनच्या लुझ मैदानावर बासिनासच्या कॉर्नरवर खारिस्तेआसने गोल केला, ग्रीस युरोपविजेता झाला, आणि कारागूनिस मैदानाबाहेर होता. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तो सामना जागून पाहिलेल्या आपल्याकडच्या अनेकांना खारिस्तेआसची उडी आठवते. कारागूनिस तिथे नव्हता हे फार थोड्यांना आठवते. पुढच्याच वर्षी तो बेनफिकाकडे गेला, आणि ज्या मैदानावर ती रात्र त्याच्यावाचून पार पडली ते पुढची दोन वर्षे त्याचे घरचे मैदान झाले.

वॉर्सात तेच पुन्हा घडले, आणि या वेळी ते आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. गोल करून झाला आहे, आघाडी टिकवायची आहे. साठाव्या मिनिटाच्या सुमारास तो रशियाच्या पेनल्टी क्षेत्रात पडतो. पंच पेनल्टी देत नाहीत. मुद्दाम पडल्याचा ठपका ठेवून त्यालाच पिवळे कार्ड दाखवतात. स्पर्धेतले त्याचे ते दुसरे. याचा अर्थ काय, हे तिथे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तो पंचांच्या पाठोपाठ जातो, विनवतो, चेहरा दोन्ही हातांत धरतो. काही मिनिटांत प्रशिक्षक फर्नांदो सांतोस यांनी त्याला बाहेर बोलावून घेतले. तो त्याचा देशासाठीचा १२०वा सामना होता, झागोराकिसच्या विक्रमाशी बरोबरी करणारा.

दुसऱ्या दिवशी, १७ जूनला, ग्रीसमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती, सहा आठवड्यांतली दुसरी. कर्जाच्या अटी मान्य करायच्या की नाहीत, युरो चलनात राहायचे की नाही, हे त्या मतदानावर अवलंबून असल्याचे सगळा युरोप म्हणत होता. आणि उपांत्यपूर्व फेरीत समोर आले ते नेमके जर्मनी. २२ जूनला ग्दान्स्कमध्ये चॅन्सेलर अँगेला मर्केल प्रेक्षकांत बसल्या होत्या. जर्मनी ४-२ ने जिंकले. सामन्याआधीच्या लेखांत हा खेळ म्हणजे कर्जदार आणि सावकार यांचा मुकाबला करून टाकला गेला, आणि जर्मनीच्या पहिल्या गोलानंतर सामारासने बरोबरी साधली तेव्हाची सहा मिनिटे त्या रूपकाला जोरही चढला. या साहित्याकडे आपण जरा जपून पाहावे, असे मी सुचवीन. तिथे अकरा ग्रीक खेळाडू होते, त्यांच्या मधल्या फळीत एक विशिष्ट माणूस नव्हता, आणि चेंडू हाती आल्यावर तो पायाशी धरून ठेवणारे कुणी उरले नव्हते. त्या पराभवाचे फुटबॉलमधले कारण अर्थकारणाखाली गाडले गेले. ते उकरून काढणे हे आपल्या क्षेत्राचे काम आहे.

साधनांविषयी थोडे. ग्रीक क्रीडा-वृत्तपत्रे भरपूर आहेत आणि त्यांतली कित्येक उघडपणे एकेका क्लबाची बाजू घेतात. अथेन्सच्या रस्त्यावरच्या टपऱ्यांवर ती चिमट्यांना टांगलेली असतात, आणि लोक उभ्या उभ्या मथळे वाचून पुढे जातात. एकाच सामन्याचे पानाथिनाइकोसच्या हिरव्या बाजूचे आणि ऑलिंपियाकोसच्या लाल बाजूचे वृत्तान्त समोरासमोर ठेवून वाचायची सवय लावून घ्यावी. त्यांच्यातल्या तफावतीतच पुष्कळदा माहिती दडलेली असते. संघांच्या याद्या, बदललेल्या खेळाडूंच्या वेळा आणि कार्डांच्या नोंदी आधी तपासाव्यात, आठवणी नंतर. ग्रीक येत नसेल तर निदान लिपी शिकून घ्यावी. चोवीस अक्षरे आहेत, आणि तेवढ्यावर धावफलक व याद्या वाचता येऊ लागतात.

कारागूनिस देशासाठी शेवटचा खेळला तो २९ जून २०१४ रोजी, ब्राझीलमधल्या रेसिफेत, कोस्टा रिकाविरुद्ध. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. सामना १-१ असा सुटून पेनल्टीवर गेला आणि ग्रीस हरला. विश्वचषकाच्या बाद फेरीत ग्रीस तेव्हा पहिल्यांदाच पोहोचला होता.

नव्या वाचकाने सुरुवात वॉर्सापासून करावी. रशियाविरुद्धचा तो सामना पूर्ण पाहावा, आणि कारागूनिस बाहेर गेल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत ग्रीसची मधली फळी किती मीटर मागे सरकते, ते कागदावर मांडावे. मग ग्दान्स्कचा सामना लावावा आणि त्याच्या जागेवर कोण कोण येऊन गेले, हे मिनिटागणिक टिपत जावे.